बनगरवाडीचा कायमचा पत्ता

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून दिले आहे.)



संयोजकांनी मला ‘वाचन आणि आयुष्य’ असा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं आहे, त्यामुळे विसाची बावीस झाली तर काय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.

वाचनावर बोलायला खरं तर मराठीची प्राध्यापिका हवी होती. आपल्या वर्गात तशा दोघी आहेतही, समोरच बसल्यात. पण संयोजकांचं म्हणणं पडलं की, ‘त्यांना वाचण्याचाच पगार मिळतो. तू बिनपगारी वाचतेस, म्हणून तू बोल.’ तर मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, शिक्षण इंजिनीअरिंगचं, आणि वाचते ती सवय लागली म्हणून. ती सवय याच शाळेत लागली. त्यामुळे जे बोलेन ते अभ्यासकाचं नाही, वापरणाऱ्याचं आहे असं समजा.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. वाचनाने माणूस चांगला होतो, असं मी म्हणणार नाही. घरात भिंतभर पुस्तकं आणि कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप मात्र वेगळा, अशी घरं मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. उलट ज्यांनी दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नाही अशी, रात्री-अपरात्री दुसऱ्यासाठी धावून जाणारी माणसं याच सभागृहात बसली आहेत. वाचणारा तेवढा सुसंस्कृत आणि बाकीचे तसेच, हा हिशेब मला कधी पटला नाही.

मग पुस्तक करतं काय? माझ्या अनुभवात ते एवढंच करतं की जो माणूस समोर नाही, खोलीत नाही, बोलायला आलेला नाही, त्याला विसरणं अवघड करून ठेवतं. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण माझ्या धंद्यात तरी निम्मं नुकसान खोलीत नसलेल्या माणसाच्या विसरण्यातून होतं. ते कसं, ते सांगते. त्यासाठी आधी आपल्या शेजारच्या तालुक्यात जावं लागेल.

विट्याहून आटपाडी काही लांब नाही. त्या एका तालुक्याच्या मातीतून आलेल्या तीन माणसांनी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. १९७३ ला यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ ला अंबाजोगाईला त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८४ ला जळगावला शंकरराव खरात. पाऊस पडत नाही, पिकत नाही, म्हणून ज्या मुलखाची ख्याती, तिथे हे पीक आलं. आपल्याला शाळेत गदिमा पाठ होते. बाकीच्या दोघांशी गाठ ग्रंथालयाच्या खोलीत पडली.

‘बनगरवाडी’ मी आठवीत वाचली. १९५५ सालचं पुस्तक. ग्रंथालयाचा तास असायचा तेव्हा, आठवतं ना? शुक्रवारी पाचवा. सर कपाट उघडायचे आणि आपण त्यावर तुटून पडायचो, कारण पातळ पुस्तक मिळालं तर लवकर वाचून होईल! ‘बनगरवाडी’ पातळ होती. माझा निकष एवढाच होता.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर येतो. शाळा नावालाच असते, कारण पोरं मेंढरांमागे असतात. हळूहळू तो गावाचा होतो, लोकांची कागदपत्रं करतो, तंटे ऐकतो. सगळ्यांना हाताशी धरून गावात तालीम उभी करतो, ती बघायला खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस येत नाही. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात आणि वाडी रिकामी होते.

बस्स, एवढंच. खलनायक नाही, लग्न नाही, शेवट गोड नाही. आठवीच्या मुलीला यात काय सापडावं?

मला सापडला आपल्या वर्गातला रिकामा बाक. वाड्यावस्त्यांवरून येणारी चार-पाच मुलं होती आपल्या वर्गात. दिवाळीनंतर त्यांतली दोन-तीन दिसेनाशी व्हायची. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गै.’ लागत जायचं, आणि मग पुढच्या वर्षीच्या पटावर नावच नसायचं. आपल्याकडे त्यांच्याबद्दल माहिती होती ती एका अक्षराची. ‘बनगरवाडी’ वाचताना मला पहिल्यांदा त्या ‘गै.’च्या पलीकडचं दिसलं. घरातलं धान्य संपतं कसं, मेंढरू मरायला लागलं की काय होतं, जायचं की थांबायचं हे घरात कोण ठरवतं, म्हातारं माणूस मागे का राहतं. पुस्तकात कुणी ‘यांच्यावर दया करा’ म्हणून सांगत नाही. माडगूळकर तसं कधीच सांगत नाहीत. ते फक्त तुम्हाला त्या वाडीत इतके दिवस ठेवून घेतात की जाताना तुमचाही पाय निघत नाही.

दुसरं पुस्तक बरंच उशिरा हातात पडलं. सांगलीला इंजिनीअरिंगला असताना नगर वाचनालयातून शंकरराव खरातांचं आत्मचरित्र आणलं, ‘तराळ-अंतराळ’. खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांचे वडील आटपाडीत तराळकी करायचे, म्हणजे महारकीतली गावकामं. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. विहिरीत प्रेत सापडलंय. पंचनामा होईपर्यंत राखण कुणी करायची? तराळाने. उपाशीतापाशी बाप विहिरीवर बसून आहे आणि मुलगा त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेला आहे. मग प्रेत वर काढायला विहिरीत उतरायचं कुणी? तेही तराळानेच.

मित्रांनो, मुलूख तोच. दुष्काळ तोच, विहिरी त्याच, भाषाही जवळजवळ तीच. माडगूळकरांचा जन्म १९२७ चा, खरातांचा १९२१ चा, म्हणजे काळही तोच. पण एका पुस्तकात तुम्ही गावात मास्तर म्हणून शिरता, लोक तुम्हाला रामराम घालतात. दुसऱ्यात तुम्ही त्याच गावात हाक आली की धावायचं म्हणून जन्माला येता. ‘बनगरवाडी’ खोटी आहे असं ‘तराळ-अंतराळ’ म्हणत नाही. गावाला आणखी एक दार आहे आणि तुम्ही आत्तापर्यंत त्यातून आत आला नव्हता, एवढंच ते दाखवतं. मला विचाराल तर एक पुस्तक वाचून सहानुभूती येते, तिच्यात थोडा भाबडेपणा असतो. तिचं सहअनुभूतीत रूपांतर व्हायला त्याच मुलखावरचं दुसरं, पहिल्याशी न जुळणारं पुस्तक लागतं.

आता माझ्या धंद्याकडे येते. आपल्यातले बरेच जण सॉफ्टवेअरवाले नाहीत, त्यामुळे सोपं करून सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक अ‍ॅप बनवत होतो. खेडोपाडी आरोग्य तपासणी शिबिरं होतात, तिथे आलेल्या माणसांची नोंद ठेवायची आणि नंतर त्यांना औषधाची, पुन्हा तपासणीची आठवण द्यायची. काम चांगलं होतं. खोलीत आम्ही सात जण होतो, सगळे हुशार आणि सगळे सज्जन. फॉर्म ठरत होता. नाव, वय, मोबाईल नंबर, कायमचा पत्ता. मोबाईल नंबरला एक अट घातली होती की एका नंबरवर एकाच माणसाची नोंद होईल. डेटाबेसमध्ये अशी अट घालणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, त्यामुळे एकाच माणसाची दोनदा नोंद होत नाही. आणि पत्त्यापुढे तो छोटा लाल तारा. तारा म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी म्हटलं, ज्या घरात एकच फोन आहे तिथे काय? सासू, सून आणि नणंद तिघी शिबिराला आल्या, फोन नवऱ्याच्या खिशात आहे आणि तो उसाच्या ट्रॉलीवर आहे. पहिलीची नोंद होईल. बाकीच्या दोघींना अ‍ॅप सांगेल की तुमची नोंद आधीच झाली आहे.

खोलीतला एक जण म्हणाला, ‘असे कितीसे लोक असतील?’

आमच्या धंद्यात यासाठी शब्द आहे, ‘एज केस’. म्हणजे कडेचा, क्वचित येणारा प्रकार. आधी सगळ्यांसाठी बनवा, कडेचे नंतर बघू. हे वाक्य वाईट माणसं बोलत नाहीत. वेळ कमी असतो, तेव्हा कुणीही बोलतं. पण कड कुठे आहे हे कोण ठरवतं? खोलीत बसलेले सात जण ठरवतात, आणि सातही जणांच्या खिशात प्रत्येकी एक, दोघांच्या दोन, असे फोन असतात.

मग मी पत्त्याचं काढलं. मेंढरांमागे सहा महिने फिरणाऱ्या माणसाने ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात काय लिहायचं? ऊसतोडीला गेलेल्या बाईने कोणता पिनकोड द्यायचा, गावाचा की कोपीचा? आठवणीचा निरोप जाणार कुठे? माझ्या डोक्यात तेव्हा सरळ बनगरवाडी होती. रिकामी झाल्यावर त्या अख्ख्या गावाचा कायमचा पत्ता काय? आमच्या फॉर्मच्या हिशेबाने अख्खी वाडी कडेची ठरत होती.

आता इथे मी सगळं जिंकले असं सांगितलं तर भाषण छान होईल, पण झालं ते असं. फोनची अट काढली. काम तीन आठवड्यांनी वाढलं आणि आमच्या मॅनेजरसाहेबांचा चेहराही तेवढाच वाढला. पत्त्याचा तारा गेला, ‘सध्या मुक्काम कुठे’ आणि ‘जवळची खूण’ असे दोन रकाने आले. पण फोनवर येणारा ओटीपी फोनधारकालाच दिसणार, म्हणजे सुनेला नवऱ्याला विचारूनच पुढे जावं लागणार, हा प्रश्न तसाच राहिला. तो आजही आमच्याकडून नीट सुटलेला नाही.

‘असे कितीसे लोक’ विचारणारा तो सहकारी लखनऊचा आहे. त्याला मराठी येत नाही. ‘बनगरवाडी’चं राम देशमुखांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. त्याची एक जुनी प्रत मिळवून मी त्याला दिली. महिनाभर तो काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही. मग एकदा कँटीनमध्ये म्हणाला, ‘आमच्याकडे बुंदेलखंडातून माणसं येतात बांधकामावर. त्यांचं गाव असंच रिकामं होत असेल का?’ मला त्याच्याकडून एवढंच हवं होतं.

आता इंजिनीअर बाई म्हणून पुराव्याचं बोलते, नाहीतर मागच्या रांगेतले विज्ञानाचे सर मला सोडायचे नाहीत. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो या दोघांचा एक निबंध आला. लोकांना साहित्यिक कथांचे थोडे उतारे वाचायला दिले आणि मग नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून विचारलं की या माणसाच्या मनात काय चाललं असेल. साहित्य वाचलेल्यांनी जास्त बरोबर ओळखलं. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे केले. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मोठ्या संख्येवर तोच प्रयोग करून पाहिला, तर थोडंसं वाचून फरक पडतो हे काही दिसलं नाही. पण त्याच तपासणीत एक वेगळी गोष्ट दिसली. आयुष्यभरात ज्यांचं कथा-कादंबऱ्यांचं वाचन जास्त, त्यांचे डोळे ओळखण्याचे गुण जास्त होते. आता वाचनामुळे माणसं कळतात की ज्यांना माणसांत रस त्याच व्यक्ती जास्त वाचतात, हे त्यातून ठरत नाही. कोंबडी आणि अंड्याचा प्रश्न आहे. पण एका बैठकीत काही होत नाही, जे होतं ते वर्षानुवर्षांच्या सवयीने, इतकं मला माझ्या अनुभवाशी जुळणारं वाटतं. म्हणून वर्षातून एकदा ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा करून काय साधेल याबद्दल माझी मतं आहेत, त्यावर येतेच.

विषयाचा दुसरा भाग आहे, आयुष्यभर शिकत राहणं. मी २००२ साली बी. ई. झाले. तेव्हा जे शिकले त्यातलं रोजच्या कामात आज फार थोडं लागतं. आमच्याकडे दर पाच-सात वर्षांनी पाटी कोरी होते. आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स आलं आहे, पंचविशीतली मुलं माझ्या शेजारी बसून मला शिकवतात. शिकण्यात अवघड काय असतं? बुद्धी लागते म्हणून ते अवघड नसतं. काही दिवस आपल्याला काहीच कळत नाही, हे सहन करणं अवघड असतं. पंचेचाळिसाव्या वर्षी तर फारच. मला ते जमतं, कारण मला कादंबरीची पहिली तीस पानं सहन करायची सवय आहे. कोण कुणाचा कोण कळत नाही, बोली समजत नाही, तरी पुढे जायचं, तिसाव्या पानाला वाट सापडते. संगणकाच्या नव्या भाषेची जाडजूड मार्गदर्शिकाही मी तशीच वाचते.

व्यंकटेश माडगूळकर मॅट्रिक पास झाले नव्हते. इंग्रजी पुस्तकं वाचायची म्हणून इंग्रजी स्वतःच शिकले, पुढे आकाशवाणीत वर्षानुवर्षं नोकरी केली आणि साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण इतक्या लांब कशाला जाऊ? आपल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी मुलं दहावी झाली की सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामाला देशभर गेली. आपल्या वर्गातलीच बरीच आहेत, आज हजारो किलोमीटरवरून आली आहेत. सकाळी चहाला कोइमतूरला दुकान असलेला आपला एक मित्र भेटला. नाव घेत नाही, आत्ताच खाली बघायला लागलाय. सोळाव्या वर्षी तिकडे गेला तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं. पहिली अक्षरं शिकला बसच्या पाट्यांवरून. मग स्वतःची मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकातून तिच्याबरोबर बसून नीट शिकला. आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तमिळ पेपर वाचतो. म्हणाला, ‘बोलायला येत होतं तोवर गिऱ्हाईक कळत होतं. वाचायला लागलो तेव्हा गाव कळलं.’

मला वाटतं, हे वाक्य त्यालाच इथे उभं करून म्हणायला लावायला हवं होतं. माझी वीस मिनिटं वाचली असती.

हल्ली मला मुलं विचारतात, ‘ताई, अख्खं पुस्तक कशाला? सारांश मिळतो की, दोन मिनिटांत.’ मिळतो. मघाशी मीच तुम्हाला ‘बनगरवाडी’चा सारांश सांगितला, अर्धं मिनिट लागलं. काय मिळालं त्यात? मास्तर आला, तालीम झाली, दुष्काळ पडला, माणसं गेली. ही माहिती झाली. फोटोची फाईल फार लहान केली की माणूस आहे एवढं कळतं, पण हसतोय की रडतोय ते कळत नाही, तसं हे आहे. पुस्तकात काय घडलं यापेक्षा तुम्ही तिथे किती वेळ राहिलात याला किंमत असते. तो वेळच काढून टाकला तर उरतं ते सामान्यज्ञान.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर माईक हातात घेतला ते.

आपल्या तुकडीने शाळेसाठी रक्कम जमवली आहे. तिचं काय करायचं यावर गेले चार महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती मेसेज पडले ते मोजायलासुद्धा सॉफ्टवेअर लागेल. दोन सूचना पुढे आहेत, दारात तुकडीच्या नावाची कमान आणि वर्गात डिजिटल फळा. माझी तिसरी आहे.

मागच्या डिसेंबरात मी शाळेत आले होते तेव्हा ग्रंथालयाची खोली बघायला गेले. प्रयोगशाळेशेजारची, व्हरांड्याच्या टोकाची. कुलूप होतं. किल्ली कार्यालयात होती, ती शिपाईमामांनी आणून दिली. आत मोडके बाक रचलेले आहेत, त्यांच्या मागे कपाटं. पुस्तकं आहेत. आपल्या वेळची बरीच आहेत. ‘बनगरवाडी’ही आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेली. पंधरा ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, काही पुस्तकं टेबलावर मांडली जातात, मुलं वाचताना फोटो निघतो आणि पुस्तकं परत आत जातात. यात मी कुणाला दोष देत नाही. ग्रंथालय पाहणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आहेत त्या शिक्षकांच्या मागे इतकी कामं आहेत की त्यांनी हेही करावं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन हे फार मोठं नाव. मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले आणि त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरली जावीत हा ठेवला. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, यातच सगळं आलं.

डिजिटल फळ्याला माझा विरोध नाही, माझं पोटच त्यावर चालतं. पण फळा आपल्याला एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून मिळू शकतो, त्यासाठी लागेल तो पत्रव्यवहार मी करते. कंपन्या वस्तू देतात. रोज दोन तास खोली उघडी ठेवणाऱ्या माणसाचं मानधन मात्र कुणी देत नाही, कारण माणसावर देणगीदाराचं नाव कोरता येत नाही. म्हणून ते आपण द्यावं. ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केलेल्या दोन मुली आपल्या विट्यातच आहेत, मी दोघींशी बोलले आहे. शाळा सुटल्यावर दोन तास, आठवड्यातले सहा दिवस. जमलेल्या रकमेत तीन वर्षं निघतात, हिशेब मी दोनदा तपासला आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, बाक हलवायला ते तयार आहेत.

माझ्या तीन अटी आहेत, त्यावर वाद घाला, पण ऐकून घ्या. पुस्तक फाटलं तर दंड नाही. आवडलं नाही तर अर्धवट परत करायची मुभा. आणि वाचल्यावर त्यावर निबंध लिहून आणायला कुणी सांगायचं नाही. ‘बनगरवाडी’वर मला आठवीत निबंध लिहावा लागला असता, तर मी तो छान लिहिला असता आणि पुस्तक तिथेच संपलं असतं.

काही जण म्हणतील, आता टेंभूचं पाणी आलं, डाळिंबं लागली, दुष्काळाची पुस्तकं मुलांना कशाला? पाणी आलं याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे. पण ज्या मुलाने कोरडी विहीर पाहिलेली नाही, त्याच्या शेजारच्या बाकावर ज्या गावात अजून पाणी पोचलेलं नाही तिथलं मूल बसणार आहे. बिहारहून, उत्तर प्रदेशातून कामाला आलेल्यांची मुलंही आता आपल्या शाळेत आहेत, त्यांची नावं मी पटावर वाचली. आपली मुलं कोइमतूरला जातात, त्यांची मुलं विट्याला येतात. त्यांच्यासाठी हिंदी पुस्तकांचं एक कपाट करावं असं माझ्या मनात आहे. पैसे पुरणार नाहीत, म्हणून बोलले नव्हते, पण आता बोलून गेले.

बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर तिन्ही सूचना लिहिल्या आहेत, ज्याला जी पटेल तिच्यापुढे सही करावी. कमानीपुढे आत्ताच सात सह्या दिसल्या, तेव्हा जेवायला जाताना जरा त्या टेबलावरून जा. शेवटच्या पानावर ज्यांना आपल्या घरचं एखादं पुस्तक शाळेला द्यायचं आहे त्यांनी नाव लिहावं. फक्त रद्दीत घालायचं राहून गेलेलं नको. ‘तराळ-अंतराळ’ शाळेत नाही. ते माझ्याकडून. वाढपी दारात येऊन उभे राहिलेत, थांबते.